पावसाळ्यात शौचकूपातले पाणी सावकाश उतरते. टाकी उपसली तरी तिसऱ्या दिवशी तेच. दोष कोठे शोधावा?

परसदार (गुहागर तालुका) यांचा प्रश्न

आमचे घर सड्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या उंच माळाच्या, पायथ्याशी आहे. चिऱ्याच्या भिंती, वर कौले आणि मागे थोडे आगर. घरात मी, माझी पत्नी आणि ७८ वर्षांची आई अशी तीनच माणसे राहतो. मागील दारी जुने भारतीय पद्धतीचे शौचकूप आहे, आणि आईला बाहेर जावे लागू नये म्हणून तीन वर्षांपूर्वी आतल्या न्हाणीला लागून एक कमोड बसवून घेतला. दोन्हींचा पाइप परसातल्या सेप्टिक टाकीला जातो आणि टाकीचे पाणी पुढे शोषखड्ड्यात उतरते. टाकी १२ वर्षांपूर्वी बांधलेली असून आतून ६ फूट लांब व ३ फूट रुंद आहे, आणि तीत पाणी ४ फूट उभे राहते.

मृगाचा पाऊस सुरू झाल्यापासून कमोडमध्ये पाणी सोडले की ते काठाच्या खाली चार बोटांपर्यंत चढते आणि उतरायला पाच-सहा मिनिटे घेते. त्याच वेळी शेजारच्या न्हाणी ट्रॅपमधून (न्हाणीच्या जमिनीतल्या जाळीखालच्या भांड्यातून) गुडगुड असा आवाज येतो आणि सकाळी दार उघडले की वास येतो. मुसळधार पाऊस असला की मागचे जुने भांडेही तुंबते. गावातल्या प्लंबरने दोनदा ॲसिड ओतले, एकदा बांबूची पट्टी घालून पाहिली आणि आता ‘कमोडच बदला’ असे सांगतो आहे. आषाढात तालुक्याच्या गावाहून गाडी मागवून टाकी पूर्ण उपसून घेतली. दोन दिवस बरे गेले आणि तिसऱ्या दिवशी स्थिती जशीच्या तशी झाली. त्या उपशाला बरेच पैसे गेले आणि हाती काहीच लागले नाही.

नागपंचमी कालच झाली. गणपतीला मुंबईहून भाऊ आणि पुतणे मिळून १४ माणसे येतील. आईचा गुडघा दुखतो, त्यामुळे आतला कमोड बंद ठेवणे शक्य नाही. पुन्हा टाकी उपसावी, कमोड बदलावा की सगळा पाइप खणून काढावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जांभा यांचे उत्तर

मी ग्रामीण भागातल्या इमारतींच्या बांधकामावर देखरेख करण्याच्या कामातून निवृत्त झालो आहे. आपण सांगितलेल्या तीनही उपायांपैकी एकही तूर्त करू नये, अशी माझी विनंती आहे, कारण पाणी नेमके कोठे अडते आहे हे अजून कोणी पाहिलेलेच दिसत नाही. भांडे, भांड्यापासून चेंबरपर्यंतचा पाइप, चेंबरपासून टाकीपर्यंतचा पाइप, टाकी आणि शोषखड्डा या वाटेवर पाणी कोठेही अडले, तरी वरून दिसणारे लक्षण एकच असते आणि प्रत्येक ठिकाणचा उपाय मात्र वेगळा असतो.

प्रथम आपल्याच मजकुरातला एक हिशेब मांडतो. ६ फूट, ३ फूट आणि ४ फूट यांचा गुणाकार ७२ घनफूट होतो, म्हणजे टाकीत सुमारे २,००० लिटर पाणी मावते. तीन माणसांनी दिवसाकाठी मिळून बारा वेळा प्रत्येकी आठ लिटर पाणी सोडले, तरी ते शंभर लिटरच्या आसपास होते. त्या हिशेबाने रिकामी टाकी भरायला जवळजवळ तीन आठवडे लागायला हवेत. ती तिसऱ्या दिवशी भरली, याचा अर्थ आपण न सोडलेले पाणी तिच्यात कोठून तरी येत आहे. एक तर ते शोषखड्ड्याकडून उलटे येत असेल, नाही तर भिंतींतून पाझरत असेल, किंवा पावसाचे पाणी कोठल्या तरी पाइपातून थेट शिरत असेल. मैला साचून टाकी भरायला काही वर्षे लागतात. तीन दिवसांत भरते ते फक्त पाणीच.

आता पाहणी कशी करावी ते सांगतो. सकाळी घरात पाण्याचा वापर सुरू होण्यापूर्वी परसातली चेंबरांची झाकणे काढावीत आणि कमोडमध्ये बादलीभर, म्हणजे दहाएक लिटर पाणी एकदम ओतावे. बादलीने ओतलेले पाणी झपाट्याने निघून गेले आणि फ्लशच्या टाकीतून सोडलेले जात नसेल, तर दोष फ्लशच्या टाकीत किंवा काठाखालच्या भोकांत आहे. आपल्याकडे पाण्यात लोहाचा अंश असला की त्या भोकांवर तांबूस थर बसतो आणि पाण्याचा जोर मरतो. बादलीचे पाणीही चढून राहिले, तर पहिल्या चेंबरकडे पाहावे. चेंबर कोरडे किंवा जेमतेम ओले असेल, तर अडथळा चेंबरच्या अलीकडे, घराच्या बाजूला आहे. ते काठोकाठ भरलेले असेल, तर अडथळा पलीकडे आहे आणि पुढचे चेंबर उघडून हीच परीक्षा पुन्हा करावी.

शेवटी टाकीकडे जावे. टाकीतल्या पाण्याची नेहमीची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या तळाशी जुळलेली असते, आणि आत येणारा पाइप त्याहून दोन-तीन इंच वर असावा लागतो. पाणी नेहमीच्या पातळीला असून आत येणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी वर तरंगणाऱ्या मैल्याची साय दाटली असेल, तर तेवढी साय लांब काठीने हलवली तरी मार्ग मोकळा होतो. पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या वर चढले असेल, तर टाकी निर्दोष आहे आणि शोषखड्डा पाणी घेत नाही. पातळी त्या पाइपाच्या खाली राहत असेल, तर टाकीला तडा आहे, आणि घराजवळ विहीर असल्यास ही स्थिती सर्वांत वाईट होय.

टाकीचे झाकण उघडताना एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. झाकण सरकवून अर्धा तास दूर थांबावे, वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे राहावे, आत वाकून पाहू नये, जवळ काडी किंवा विडी पेटवू नये, आणि माप घ्यायचे ते लांब काठीने बाहेरूनच घ्यावे. टाकीतला वायू दोन श्वासांत माणसाला बेशुद्ध करतो आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही वर येत नाही. कोणी मजूर ‘उतरून साफ करतो’ म्हणाला, तरी त्याला उतरू देऊ नये. सन २०१३ च्या कायद्याने ते करवून घेणे गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरीही ते करवून घेण्याजोगे काम नव्हे.

ॲसिड मात्र पुन्हा ओतू नये. त्याने कापडाचा बोळा किंवा झाडाचे मूळ यांतले काहीच विरघळत नाही. उलट सिमेंटचे सांधे खाल्ले जातात आणि टाकीत मैला कुजवणारे जिवाणू मरतात. ॲसिडनंतर कोणी टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करण्याची ब्लीचिंग पावडर) टाकली, तर बंद न्हाणीत क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या घरात वृद्ध माणूस आहे.

न्हाणीघर (रत्नागिरी) यांचे उत्तर

वरील उत्तर योग्यच आहे. त्यात गुडगुड आवाजाविषयी थोडी भर घालते, कारण आमच्या घरी दोन वर्षे त्या आवाजाचा अर्थ कोणाच्या ध्यानात आला नव्हता.

कमोडच्या वाकामध्ये आणि न्हाणी ट्रॅपमध्ये सुमारे दोन इंच पाणी नेहमी उभे असते आणि तेच पाणी पाइपातला वास घरात येण्यापासून अडवते. कमोडमधून पाणी एकदम खाली गेले की पाइपातली हवा पुढे ढकलली जाते आणि मागे पोकळी तयार होते. ही हवा जाण्या-येण्यासाठी छपराच्या वर गेलेला उभा पाइप असावा लागतो. तो नसेल किंवा बुजला असेल, तर हवा जवळच्या न्हाणी ट्रॅपमधले पाणी फोडून वर येते किंवा ते पाणी खाली ओढून नेते. पहिल्या प्रकारात गुडगुड होते. दुसऱ्या प्रकारात ट्रॅप कोरडा पडून वास येतो. आपण दोन्ही लक्षणे लिहिली आहेत, तेव्हा हवेचा पाइप आहे का, हे कृपया पाहावे. आमच्याकडे तो होता, पण त्याच्या तोंडाशी गांधीलमाशांनी पोळे केले होते. वर जाळीची टोपी बसवल्यावर आवाज थांबला. मात्र पाणी सावकाश उतरण्याचा त्रास केवळ त्याने पूर्ण गेला नाही, हेही सांगितले पाहिजे. हवा अडली की पाणी मंदावते. पण पाणी काठापर्यंत चढून पाच मिनिटे राहते, तेव्हा बहुधा मार्गही अरुंद झालेला असतो.

स्वयंपाकघराच्या मोरीचे पाणी याच चेंबरात येते का, हेही पाहावे. आमच्या सासूबाई भांडी राखेने आणि नारळाच्या सोडणाने घासत असत. पूर्वी मोरीचे पाणी उघड्या पाटाने केळीच्या आळ्यात जात असे, त्यामुळे राख जमिनीत मुरून जाई आणि केळीला ती मानवतही असे. नवीन बांधकामात गवंड्याने मोरी शौचकूपाच्या पाइपाला जोडली. मग राख, सोडणाच्या किशा, माशांची खवले आणि थिजलेले खोबरेल यांचा पाइपाच्या तळाशी असा घट्ट थर बसला की तो लोखंडी सळीने फोडावा लागला. खोबरेल तेल पंचवीस अंशांच्या खाली थिजते. जमिनीखालच्या पाइपात पौष महिन्यात काय होत असेल, ते आपल्याला कळेलच. असा थर सोडवण्यासाठी कोणी उकळते पाणी ओतायला सांगितले, तर कमोडमध्ये ते ओतू नये. चिनी मातीला तडा जातो आणि पीव्हीसीचा पाइप मऊ पडून वाकतो. हाताला सोसेल इतके गरम पाणी आणि साबण मोरीसाठी पुरेसे आहे.

खाडीकाठ (मालवण तालुका) यांचे उत्तर

आमचे घर खाडीपासून चाळीस पावलांवर पुळणीच्या जमिनीत आहे, म्हणून आमचा दोष आपल्यापेक्षा वेगळा होता. पण तो सापडण्याची रीत आपल्याला उपयोगी पडेल, असे वाटते.

आमचे शौचकूप कधी सकाळी तुंबे, कधी दुपारी, आणि आठवड्याने आपोआप बरे होई. पत्नीने कॅलेंडरवर वेळा लिहायला सुरुवात केली, तेव्हा असे दिसले की तुंबण्याची वेळ रोज पाऊण-एक तासाने पुढे सरकते आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास त्रास सर्वांत जास्त होतो. मासेमारी करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांनी ती वही पाहताच सांगितले की ही तर भरतीची वेळ आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून ते भरतीची वेळ काढतात, आणि आमच्या नोंदी त्या हिशेबाच्या मागोमाग तासा-दीड तासाने येत होत्या. भरतीचे पाणी वाळूतून आमच्या शोषखड्ड्याच्या तळाशी चढत होते आणि ओहोटीला उतरत होते. दोन वेळा टाकी उपसून आणि एकदा पाइप बदलूनही फरक पडला नव्हता, तो शोषखड्डा उथळ करून आणि जमिनीपासून दोन फूट उंचावर नेल्यावर पडला.

म्हणून माझे सांगणे एवढेच आहे की आठ दिवस एक वही ठेवावी. पाऊस किती, उघडीप किती, कोणते भांडे तुंबले, किती वेळाने उतरले, हे लिहावे. सड्याच्या पायथ्याला भरतीचा प्रश्न नाही, पण तिथे पावसात जमिनीतून झरे फुटतात, हे आपण पाहत असालच.

परसदार यांची नोंद, अकरा दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे वही ठेवली आणि तीन गोष्टी लक्षात आल्या, ज्या मी आजवर एकच समजत होतो.

पहिले चार दिवस पावसाने उसंत दिली नाही. त्या काळात दोन्ही चेंबरे भरलेली होती, मागचे जुने भांडे काठापर्यंत आले होते आणि काठीने माप घेतले तेव्हा टाकीतले पाणी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या सात इंच वर होते. त्यानंतर तीन दिवस चांगली उघडीप मिळाली. तिसऱ्या दिवशी टाकीचे पाणी पाइपाच्या पातळीला उतरले, दोन्ही चेंबरे रिकामी झाली आणि मागचे भांडे उत्तम चालू लागले. आतला कमोड मात्र त्या कोरड्या दिवशीही बादलीभर पाण्याने चढला आणि उतरायला तीन मिनिटे लागली. तेव्हा पहिले चेंबर उघडेच होते. त्यात बारीक धार तेवढी येत होती.

मोरीचे पाणी कोठे जाते, हे पाहण्यासाठी मोरीत कपड्यांची नीळ कालवून ओतली. ती पाऊण मिनिटात दुसऱ्या चेंबरात आली. मग शंका आली म्हणून पुढच्या छपराच्या पन्हळीतही नीळ ओतून पाहिली, आणि तीही त्याच चेंबरात उतरली. चार वर्षांपूर्वी पडवीत पाणी येते म्हणून गवंड्याने पन्हळीचा पाइप जमिनीखालून मागे नेला होता, तो त्याने येथे जोडला असेल, हे आम्हा कोणाच्या स्वप्नातही नव्हते. हवेचा उभा पाइप कोठेच सापडला नाही. कमोडपासून पहिल्या चेंबरपर्यंत १४ फूट अंतर असून त्या पाइपापासून सहा फुटांवर एक जुना माड आहे.

जांभा यांचे उत्तर

आपली नोंद वाचून समाधान वाटले. आपल्याकडे दोन वेगवेगळे दोष एकाच काळात आहेत आणि एकाने दुसऱ्याला झाकून ठेवले होते. कमोड तुंबण्याला टाकी कारण नाही, आणि टाकी भरण्याला कमोड कारण नाही.

पन्हळीचा हिशेब आधी पाहू. पुढचे छप्पर ४०० चौरस फुटांचे धरले आणि दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला, तर त्यावरून सुमारे ३,७०० लिटर पाणी येते. आपल्याकडे वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर जातो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत पडतो, त्यामुळे असे दिवस दुर्मीळ नाहीत. म्हणजे एका दिवसाच्या पावसाने आपली टाकी जवळजवळ दोनदा भरते. हे पाणी तळाचा गाळ ढवळून पुढे शोषखड्ड्यात नेते आणि त्याच्या भिंतीची छिद्रे कायमची बुजवते, हे त्यातले अधिक मोठे नुकसान होय. तेव्हा पन्हळीचा जोड आजच तोडावा आणि ते पाणी उघड्या गटाराने आवाराबाहेर किंवा आगरात सोडावे. मोरीचे पाणीही केळीकडे परत न्यावे. राखेचा मुद्दा वर आलाच आहे.

आता शोषखड्डा. तो किती खोल आहे, हे आपण लिहिलेले नाही, पण आपल्या बाजूला सहसा आठ फूट खणतात. त्याला पाणी घ्यायला जागा आहे का, हे कळण्यासाठी खणण्याची गरज नाही. आपली विहीर पाहावी. आत्ता श्रावणात विहिरीचे पाणी जमिनीपासून किती खाली आहे? ते तीन-चार फुटांवर असेल, तर आठ फुटांच्या खड्ड्याचा निम्म्याहून अधिक भाग भूजलातच बुडालेला आहे आणि तो पाणी घेणार नाही. जांभा वरून सच्छिद्र असतो, भेगांतून पाणी झपाट्याने मुरते. पण त्याच्या खाली चिकण मातीचा थर लागतो, तिथे ते अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांनी बाहेर पडते. आपले घर नेमके त्या जागी आहे. म्हणून आषाढात टाकी उपसल्यावर पन्हळीचे पाणी वरून आणि खड्ड्याचे पाणी मागून, असे दोन्हीकडून ते आत आले. भर पावसात टाकी रिकामी करणे एरवीही बरे नव्हे. प्लास्टिकची असती, तर जमिनीतल्या पाण्याने उचलली गेली असती.

कमोडचा दोष घरापासून पहिल्या चेंबरपर्यंतच्या १४ फुटांत आहे. चार इंची पाइपाला चाळीस फुटांत एक फूट या प्रमाणात उतार हवा, म्हणजे आपल्या अंतरात चार इंचांहून थोडा अधिक. गवंड्याच्या पाणी भरलेल्या लेव्हल नळीने दोन्ही टोकांची पातळी मोजून घ्यावी. माझा अंदाज असा आहे की उतार कमी निघेल आणि मधल्या एखाद्या सांध्यातून माडाची मुळे आत आलेली असतील. माडाची मुळे जाड नसतात, पण केसांच्या झुपक्यासारखी वाढतात आणि बांबूची पट्टी त्यांच्यातून आरपार जाते, त्यामुळे मार्ग मोकळा झाल्याचा भास होतो. हा तुकडा उघडीप पाहून खणावा. तो उथळ असणार, दोन माणसांचे एका दिवसाचे काम आहे. सांधे सॉल्व्हंट सिमेंटने चिकटवावेत, पाइपाखाली वाळू नीट दाबावी म्हणजे तो मध्ये खचून त्याला पोट पडणार नाही, आणि कमोडजवळून अडीच-तीन इंची हवेचा पाइप पागोळीच्या वर न्यावा. कमोड बदलू नये. त्याचा काही दोष दिसत नाही.

न्हाणीघर यांची पुरवणी

विहिरीचा विषय निघाला म्हणून विचारते. शोषखड्ड्यापासून विहीर किती दूर आहे? निदान पन्नास फूट तरी अंतर असावे, असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि जांभ्यात भेगा असल्यामुळे तेही कधी कधी अपुरे पडते. खड्डा भूजलात बुडालेला असेल, तर त्यातले पाणी माती-वाळूतून गाळून न जाता थेट विहिरीच्या पाण्याला मिळत असण्याची शक्यता आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामपंचायतीत पाण्याची तपासणी करून घ्यावी, आणि निकाल येईपर्यंत पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. १४ माणसे त्याच विहिरीचे पाणी पिणार आहेत आणि त्यांत लहान मुलेही असतील, म्हणून हे काम पाइपाच्या आधी करावे, असे मला मनापासून वाटते.

परसदार यांची नोंद, नारळी पौर्णिमेनंतर

विहीर खड्ड्यापासून ४४ फुटांवर आहे. पाण्याचा नमुना दिला, तो पिण्यास अयोग्य ठरला. टीसीएल पावडर ग्रामपंचायतीच्या कर्मचाऱ्याने प्रमाणात टाकून दिली आहे आणि तेव्हापासून आम्ही पाणी उकळूनच पितो. गेल्या वर्षी आईला दोनदा जुलाब होऊन दवाखान्यात न्यावे लागले होते. त्याचा या गोष्टीशी संबंध असेल, असे तेव्हा मनातही आले नव्हते आणि आता ते मनातून जात नाही.

पन्हळ तोडून पाणी आगराच्या गटारात सोडले. मोरीचे पाणी केळींकडे नेले. सोमवारी उघडीप होती, तेव्हा १४ फुटांचा तुकडा खणला. उतार चार इंचांऐवजी दीड इंच निघाला, आणि दुसऱ्या सांध्यात माडाच्या मुळांचा हातभर लांबीचा झुपका होता. त्यात कापडाचे तुकडे आणि राख अडकून दगडासारखा गोळा झाला होता. नवीन पाइप घातला, हवेचा पाइप वर नेला, जाळी बसवली. कमोड आता बादलीभर पाणी चार-पाच सेकंदांत घेतो आणि न्हाणीतला आवाज थांबला आहे. परवा रात्रभर पाऊस पडला, तरी टाकीतले पाणी पाइपाच्या दोनच इंच वर चढले. गणपतीचे दिवस निभावतील, असे वाटते. तरी सर्वांच्या आंघोळीचे पाणी चेंबरात न जाता बाहेर जाईल, अशी तात्पुरती मोरी अंगणात करून घेत आहे.

शोषखड्ड्याचे काम पाऊस संपल्यावर करणार आहे. तो विहिरीपासून दूर, उताराच्या बाजूला आणि उथळ घेण्याचा विचार आहे. त्याची खोली किती ठेवावी, हे ठरवताना आत्ताची विहिरीची पातळी धरावी की दिवाळीनंतरची?

जांभा यांचे उत्तर

आत्ताचीच धरावी. दिवाळीनंतर पाणी उतरलेले असते आणि तेव्हा खणलेला खड्डा कोरडा दिसतो. आपला पहिला खड्डा बहुधा उन्हाळ्यात तसाच कोरडा पाहून खणला गेला असावा. भाद्रपदात सर्वाधिक पाऊस झालेल्या दिवशी विहिरीच्या आतल्या चिऱ्यावर पाण्याच्या पातळीला चुन्याची रेघ ओढून ठेवावी. खड्ड्याची जागा आणि विहिरीचा काठ यांच्या उंचीतला फरक लेव्हल नळीने काढावा, आणि खड्ड्याचा तळ त्या रेघेच्या वर शक्य तितका ठेवावा. सहा फूट मिळाले तर उत्तम. जमिनीत तेवढी उंची मिळत नसेल, तर भर घालून ओटा करावा आणि त्यात आडव्या चरीत खडी भरून पाणी पसरवावे. टाकीचे पाणी तिथवर उताराने जाणार नाही, असे निघाले, तर आधी मला मापे कळवावीत, मग खणायला माणसे बोलवावीत.